विणकामाचे नमुने डिसेंबरात नको, नवरात्रात छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दरवर्षी थंडीत विणकामाचं एक पान येतं, ते मी आवडीने वाचते आणि आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणी कात्रण काढून ठेवतात, त्यामुळे आधी त्याबद्दल मनापासून आभार. पण एक विनंती आहे. ते पान येतं डिसेंबरच्या मध्याला, आणि तोवर निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या तुमच्याच पहिल्या पानावर सुरू झालेल्या असतात. घरचं, ऑफिसचं सगळं उरकून रात्री तास-दीड तास विणणाऱ्या बाईला मोठ्या माणसाचा बिनबाह्यांचा स्वेटर पूर्ण करायला महिना-सव्वा महिना सहज लागतो, बाह्या असतील तर अजून जास्त. म्हणजे डिसेंबरात टाके घातले तर स्वेटर अंगात येईस्तोवर संक्रांत होऊन जाते आणि मग तो पुढची थंडी येईपर्यंत कपाटात. सुया हातात घ्यायच्या त्या शरदात, घटस्थापना ते दिवाळी या दिवसांत, आणि नमुने पण तेव्हाच छापून यायला पाहिजेत.

ऑक्टोबर हीटमध्ये मांडीवर लोकर कोण घेणार, असं कोणीतरी म्हणेलच. बरोबर आहे, दुपारी नकोच वाटतं. पण त्यावर उपाय आहेत, आणि खरं म्हणजे पानात तेच यायला हवेत. एक तर सुरुवात छोट्या तुकड्यांनी करायची, कानटोपी, बाळाचे मोजे, स्वेटरच्या बाह्या आधी, कारण हे हातातल्या हातात राहतं, मोठा पुढचा-मागचा भाग नंतर हवा गार झाल्यावर. दुसरं, तळहाताला घाम येतो तेव्हा अ‍ॅक्रिलिकची लोकर धातूच्या सुईवर अडकत अडकत सरकते, टाके आवळले जातात आणि वीण कुठे घट्ट कुठे सैल दिसते, अशा वेळी हात धुवून कोरडे करून बसायचं किंवा या दिवसांत सुती दोऱ्याचं काहीतरी घ्यायचं. सुती दोऱ्याचा जाळीचा स्टोल ऑक्टोबरात विणायलाही बरा आणि नोव्हेंबरच्या सकाळी खांद्यावर घ्यायलाही. फक्त सुती दोरा लोकरीसारखा ताणून परत जागेवर येत नाही, म्हणून स्वेटरच्या कंबरेची आणि मनगटाची बॉर्डर त्याची केली तर ती काही दिवसांत ढिली पडते, हे नवीन शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. आणि पाऊस गेलेला असतो याचा मोठा फायदा म्हणजे विणलेलं धुतलं की त्याच दिवशी वाळतं, कुबट वास राहत नाही.

आता नमुन्यांबद्दल. गेल्या काही वर्षांत सगळीकडेच, पुरवण्यांमध्ये काय नि व्हिडिओंमध्ये काय, परदेशी नमुने जसेच्या तसे येतात, जाडजूड लोकर, गळ्यापर्यंत बंद कॉलर, भरगच्च वेण्या. ते दिसतं सुंदर पण आपली थंडी तशी नाहीच. नाशिक-पुण्याला पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी ऊन चटकतं, तेव्हा आपल्याला हवा तीनपदरी लोकरीचा, पुढून उघडा, बटणं लावता-काढता येणारा, शक्यतो बिनबाह्यांचा किंवा पाऊण बाह्यांचा स्वेटर. असे नमुने आपल्याकडच्या जुन्या विणणाऱ्या बायकांच्या वह्यांमध्ये आहेत, तिथून घ्या ना.

आणि सुयांच्या नंबरांचं तर फार नुकसान होतंय. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची आणि अमेरिकेची १० नंबरची ६ मिलिमीटरची! तिकडचा नमुना बघून एखादीने १० नंबरवर टाके घातले तर स्वेटर पुठ्ठ्यासारखा कडक होणार आणि मापात तर बसणारच नाही, मग बिचारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि ती सुया कायमच्या ठेवून देते. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून नंबर छापा पण त्याच्या शेजारी मिलिमीटर छापाच. आपल्या नेहमीच्या बॉर्डरच्या १२ नंबर सुया २.७५ मिलिमीटर, आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, एवढी चार ओळींची चौकट दिली तरी पुष्कळ काम होईल.

तसंच प्रत्येक नमुन्यात १० सेंटिमीटरला किती टाके ते लिहा. हे नसलं तर बाकीचा नमुना कितीही छान असो, उपयोगाचा नाही. समजा छाती ९० सेंटिमीटर आहे आणि ८ सेंटिमीटर सैलपणा हवाय, म्हणजे घेर ९८, आणि १० सेंटिमीटरला २२ टाके बसतात, तर पूर्ण घेराला २१६ टाके, पुढे १०८ मागे १०८. पण विणणारीचा हात जरा सैल असेल आणि १० सेंटिमीटरला २०च टाके बसत असतील तर तेच २१६ टाके १०८ सेंटिमीटर होतात, स्वेटर १० सेंटिमीटरने मोठा! फक्त दोन टाक्यांचा फरक. म्हणून आधी हाताएवढा चौकोन विणून, धुवून, वाळवून मगच मोजायचं. ओला किंवा ताणून मोजायचा नाही. हा चौकोन म्हणजे वेळ वाया असं बऱ्याच जणींना वाटतं पण सगळं उसवण्यापेक्षा तो तासभर केव्हाही परवडला.

मुलांच्या स्वेटरसाठी गळ्यापासून खाली विणत जायची पद्धत जरूर छापा. गोल सुईवर गळ्याचे टाके घालायचे, चार ठिकाणी खुणा, म्हणजे पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन बाह्या, आणि प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एक एक टाका, असे एका ओळीआड आठ टाके वाढवत जायचं. काखेपर्यंत आलं की बाह्यांचे टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवायचे आणि अंग खाली विणत जायचं, शिवण जवळजवळ नाहीच. यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही की पोरगं पुढच्या वर्षी उंच झालं तर खालची बॉर्डर उसवून, टाके सुईवर घेऊन अजून दोन-चार बोटं विणता येतं, आणि बाह्यांचंही तसंच. त्यासाठी त्याच लोकरीचा एक गुंडा जास्तीचा घेऊन ठेवायचा आणि लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर बघायचा, कारण रंग तोच असला तरी दुसऱ्या लॉटमध्ये छटा बदलते आणि जोड लगेच दिसून येतो.

नव्याने शिकणाऱ्यांना मात्र मफलरच द्या, सगळ्या ओळी सुलट. एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी साधी वीण दिसते गुळगुळीत पण तिच्या कडा गोल वळतात आणि पहिल्याच कामाला हिरमोड होतो. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर कडा सरळ राहते आणि मफलर दोन्हीकडून सारखाच दिसतो.

बाळंतविड्यासाठी विणणाऱ्यांसाठी एक सूचना ठळक टाका. मोज्यांना आणि हातमोज्यांना जाळीची वीण नको, आणि आतल्या बाजूला लांब लोंबते धागे नकोत, बाळाची इवली बोटं त्यात अडकतात. अ‍ॅक्रिलिकच्या कपड्यांवर गरम इस्त्री फिरवायची नाही, वीण मरते आणि मग कितीही धुतलं तरी ती परत उठून येत नाही. खऱ्या लोकरीचं असेल तर ठेवताना वेखंडाचे तुकडे, कसर लागते ती खऱ्या लोकरीला.

जमलं तर पुढच्या नवरात्रात अर्धं पान विणकामाला द्या, दिवाळीपर्यंत दर रविवारी एक नमुना, टाक्यांच्या हिशोबासकट. आणि फोटो सुलट बाजूचा देता तसा उलट बाजूचाही द्या, कारण शिकणारीला आपली ओळ कुठे चुकली ते बहुतेक वेळा मागूनच कळतं.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक