हलके काम, पगार मात्र पूर्ण

महोदय,

‘जखमी कामगार पूर्ण बरा झाल्याशिवाय त्याला कामावर घेऊ नये’ हा आपल्या अंकातील लेखाचा सूर पटला नाही. कामगार राज्य विमा योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो, हे खरे. पण महिनोन्‌महिने घरी बसून कसबी माणसाच्या हाताची सवय मोडते आणि धीरही सुटतो.

आपल्या बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतील मशीनशॉपमध्ये डाव्या हाताला प्लास्टर असलेला टर्नर (लेथ मशीन चालवणारा) प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासायचे साधन, लावून तयार जॉब तपासू शकतो, टूलरूमचे रजिस्टर लिहू शकतो, नव्या पोरांना मशीनचे सेटिंग समजावू शकतो. हलक्या कामाच्या नावाखाली झाडू देणार असाल, तर मात्र तो घरीच बरा.

अडचण पगाराची आहे. काम करून वेतन घेतलेल्या दिवसाचा विम्याचा भत्ता कायद्याने मिळत नाही. म्हणून हलक्या कामालाही पूर्वीचा पूर्ण पगारच हवा. नाहीतर कामगार दोन्हीकडून मारला जाईल. डॉक्टरांनीही नुसते ‘फिट’ न लिहिता किती वजन उचलायचे, किती वेळ उभे राहायचे ते स्पष्ट लिहावे. कन्नड-मराठीत लिहिले तर सुपरवायझरलाही सबब उरणार नाही.

— एक निवृत्त फोरमन, अनगोळ, बेळगाव