कुत्र्याचे पैसे पाठवू नकोस

शेतावरून, साक्री
२७ जानेवारी

चि. बापूस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा तू मोबाइलवर त्या पांढऱ्या केसाळ पिल्लाचा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, 'आई, ४५ हजाराचं आहे, मी भरतो, तू फक्त हो म्हण.' मी काहीच कळवलं नाही म्हणून तू फुगून बसला असशील. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू 'हो आई, बरं आई' करतोस आणि मागून तुझ्या हापिसातलं कुणी ना कुणी हाक मारत असतं. म्हणून तुझ्याच जुन्या वहीची कोरी पानं काढून बसले आहे. तसंही या दिवसांत मला रात्रीची झोप नाही. लाइट रात्रीची येते, अण्णा कांद्याला पाणी भरायला जातात आणि मी गोठ्यात शेगडीजवळ.

आधी बकऱ्यांचा हिशेब सांगते. यंदा बोकड श्रावणात कानबाईचे रोट झाल्यावर सोडला होता. तिथून १५० दिवस मोज, बरोबर संक्रांतीला विण्याची सुरुवात झाली. ३४ गाभण होत्या, त्यांतल्या २१ व्याल्या. आठ जणींना एकेक, अकरा जणींना जुळी, दोघींना तिळी. म्हणजे ३६ पिल्लं, त्यांतली ३४ उड्या मारताहेत. आपल्या या बकऱ्यांना पुस्तकात सुरती म्हणतात, आपण खान्देशीच म्हणू. दुधाला पुरून उरतात, तिळ्यांतल्या तिसऱ्याला तेवढी बाटली लावली. आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधीच टोचून घेतली होती. तिचा गुण चिकातून पिल्लात उतरतो, त्यामुळे मागच्या वर्षासारखी संध्याकाळी उड्या आणि सकाळी मान टाकलेली, असं एकही झालं नाही. थंडी मात्र जबर आहे. पहाटे कान नदीच्या अंगानं वारा सुटला की गोणपाटाचे पडदेही थरथरतात. पिल्लाला अर्ध्या तासाच्या आत चीक पाजला नाही तर ते गारठून जातं, मग शेगडीजवळ कितीही धरा.

दोन गेली, त्यांतलं एक तिळ्यांतलंच होतं, मुठीएवढं. दुसऱ्याचं सांगायला जड जातं, पण सांगते.

पिंगळी पहिलारू. संध्याकाळपासून कोपऱ्यात जाऊन पायानं जमीन खरवडत होती, शेपटीजवळचा भाग सैल पडलेला, कास टच्च. रात्री एकला पाण्याचा फुगा फुटला. नाक दिसलं, एक खूर दिसला, दुसरा काही येईना. अर्धा तास कळा देऊन देऊन ती आडवीच झाली. दुसरा पाय गुडघ्यातून मागे दुमडलेला, हे बाहेरूनच कळत होतं. करायचं काय तेही ठाऊक आहे. कळ ओसरली की पिल्लाला जरा आत ढकलायचं, खुराला तळहाताची वाटी करायची म्हणजे आतून फाटत नाही, आणि पाय सरळ करून पुढे घ्यायचा. डेटॉलनं हात धुतला, खोबरेल लावलं, आणि माझा हातच आत जाईना. सांधे किती सुजलेत ते त्या रात्री मला कळलं. अण्णांचा पंजा तर तुला माहीतच आहे, फावडं. शेवटी सालदाराच्या बायकोला उठवून आणलं. तिचा हात बारीक, तिनं मी सांगत गेले तसं केलं. पहिलं पिल्लू निघालं ते निळ्या जिभेचं. नाकात काडी घातली, मागच्या पायांनी उलटं धरलं, गोणपाटानं छाती चोळ चोळ चोळली. नाहीच. त्याच्या मागचं जिवंत निघालं, मादी आहे, पिंगळीसारखीच कपाळावर ठिपका.

हे फोनवर सांगितलं नव्हतं.

आता कुत्र्यांचं. तुझ्या फोटोतलं पिल्लू फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बर्फाळ डोंगरातलं, तिकडे ते मेंढ्या राखतं, हे तू लिहिलंस ते खरं असेल. जात चांगलीच असणार. पण त्याच्या अंगावर केसांची दुहेरी गोधडी आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही. ते बिचारं दिवसभर पाण्याच्या हौदात बसून राहील, रात्री राखण काय करील?

आणि समजा उन्हाला सरावलंही, तरी पिल्लू आणलं म्हणजे राखण्या आला, असं नसतं रे. हे मलाही मागच्या वर्षीपर्यंत कळत नव्हतं. आपल्या खंड्या कुत्र्याचं तुला अर्धंच सांगितलं होतं, 'एक पिल्लू दगावलं' एवढंच. तो तेव्हा दहा महिन्यांचा. भुरीच्याच पोटचा, बकऱ्यांत जन्मलेला, बकरीचंच दूध प्यालेला, मग त्याला पिल्लांत मोकळा सोडायला काय हरकत, असं मी धरून चालले. भर दुपारी तीन दिवसांच्या पिल्लाशी तो खेळायला लागला. पिल्लू पळालं की हा मागे, पिल्लू पडलं की पंजानं उठवायचं, कान तोंडात धरून ओढायचं. त्याच्या मनात मारायचं नव्हतं, कुत्र्याचं पोरगं आपल्या भावंडांशी खेळतं तसंच ते होतं. पण भावंडांची कातडी जाड असते आणि बकरीचं पिल्लू म्हणजे नुसती काडी. कान फाटला, मागचा पाय मोडला, दुसऱ्या दिवशी गेलं. मी खंड्याला काठीनं मारलं. फार मारलं. अण्णा म्हणाले, रक्ताची चटक लागली, याला देऊन टाका कुणाला तरी.

त्याच आठवड्यात आपल्या खालच्या रानात ठेलारी मेंढपाळ मेंढ्या बसवायला आले होते. भुरीला ज्यांच्याकडून एक पोतं बाजरी देऊन आणली, तेच म्हातारबाबा. त्यांनी खंड्याला पाहिलं, तोंड उघडून दात पाहिले, आणि मलाच रागावले. "अजून पोऱ्या शे तो. दोन हिवाया जाऊ दे माय, मंग बोल." आणि बाभळीचा हातभर ओंडका घेऊन दोरीनं त्याच्या गळ्यात अडकवला, गुडघ्याला लागेल असा. चालता येतं, बसता येतं, पळायला गेलं की ओंडका पायांत येतो. तुझे आजोबा उनाड बैलाच्या गळ्यात लोढणं बांधायचे, अगदी तसंच. आपण बोलताना इतक्यांदा म्हणतो 'गळ्यात लोढणं', पण ते कामाची वस्तू आहे हे मी विसरूनच गेले होते.

वर्षभर खंड्या त्या लोढण्यासकट मोठ्या बकऱ्यांमागे चरायला गेला. शिकवणारी मी नव्हेच. भुरीनं शिकवलं, आणि तिच्याहून जास्त चांदी बकरीनं. चांदीच्या पिल्लाला नुसतं हुंगायला गेला की ती दोन पावलं मागे सरायची आणि बरगडीत अशी ढुशी द्यायची की हा कोलमडून भिंतीला.

यंदा संक्रांतीपासून लोढणं काढलंय. पहिले आठ दिवस मी हातात काठी घेऊन बसायचे. एका दुपारी काय पाहिलं ते सांगते. खंड्या उन्हात आडवा पडलेला, चार दिवसांची दोन करडं येऊन त्याच्या पाठीवर चढली. एक घसरलं आणि त्याच्या तोंडापुढेच पडलं, नाकाला नाक. मी काठी उचलली. त्यानं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. डोळेच मिटले म्हण. कान मागे पाडले, जिभेनं स्वतःचंच नाक चाटलं आणि पिल्लू उठून जाईपर्यंत तसाच दगडासारखा. विणाऱ्या बकरीजवळून जायचं असलं तरी आता तो सरळ जात नाही, मान खाली घालून, पोट जमिनीला लावल्यासारखा वळसा घेतो. भुरीही अशीच जाते. तुझ्या त्या पिल्लाला हे कोण शिकवणार? तू तर पुण्यात.

बिबट्याचंही लिहायला हवं, शेजाऱ्यांनी तुला भलतंच काही कळवलं असेल. मागच्या सोमवारी रात्री आला होता. कांद्याच्या ओल्या वाफ्यात सकाळी पंजे उठलेले अण्णांनी दाखवले. तुला वाटत असेल कुत्रे धावून गेले, झटापट झाली. तसं काही झालं नाही, आणि होऊही नये. बिबट्याला बकरीइतकाच कुत्राही आवडतो, झटापटीत कुत्राच जायचा. भुरीचं भुंकणं एरवी मोकळं असतं, माणूस आला की अगदी शेजारणीसारखं बोलते. त्या रात्री आवाज घशातून यायला लागला, तुटक, मध्ये थांबून. मी बॅटरी घेऊन बाहेर आले, तर ती जाळीला पाठ लावून उभी, तोंड नदीकडे, केस उभे, जागेवरून हलत नव्हती. आणि बकऱ्या सगळ्या तिच्या मागच्या कोपऱ्यात एकमेकींत घुसलेल्या. खंड्या मात्र कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालत भुंकत होता. अण्णांनी फटाक्याची माळ लावली, पण मला विचारशील तर तो त्याआधीच निघून गेला होता. गोठा जागा दिसला की त्याचं निम्मं काम बिघडतं. दत्तजयंतीला अण्णांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून जाड चामड्याचे दोन पट्टे आणले होते, घिसाड्याकडून त्यांना बाहेरून खिळे ठोकून घेतले. रात्री दोघांच्या गळ्यात तेच असतात. बिबट्या नरडं धरतो म्हणून.

बाकी किरकोळ. व्याल्यावर पडणारी जार आता मी कुत्र्यांना खाऊ देत नाही, हातमोजे घालून उचलते आणि चुना टाकून कमरेइतक्या खड्ड्यात पुरते. बकऱ्या गाभडण्याचा आजार त्यातून कुत्र्याला लागतो आणि माणसालाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. एकदा आळस करून उथळ पुरली तर खंड्यानं उकरून अंगणात आणली, पाहुणे बसलेले असताना. दोघांना रेबीजची लस झाली, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी देते. खायला बाजरीची भाकरी आणि ताक, भुरी कळण्याची भाकरी दिसली की बाजरीला तोंड लावत नाही, एवढे तिचे नखरे.

तेव्हा कुत्र्याचे पैसे पाठवू नकोस. गोठ्याचा वायव्येकडचा पत्रा उडालाय, पाठवायचेच असतील तर त्याला पाठव. पण खरं म्हणजे तेही नको.

अण्णा तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. पिंगळीच्या त्या रात्रीनंतर त्यांनी विषय काढला, पुढच्या वर्षी निम्म्या बकऱ्या मोडू. माझ्या हाताकडे बघत म्हणाले. मी म्हटलं, बापूला विचारल्याशिवाय एकही विकायची नाही. तेव्हापासून गप्प आहेत.

तुला आठवतं का, तू सहावीत होतास. चांदीच्या आईचं पिल्लू आडवं आलं होतं आणि माझा हात तेव्हाही पुरला नव्हता. तू रडत रडत हात घातलास आणि एकदम म्हणालास, 'आई, त्यानं माझं बोट चोखलं.' त्या रात्री तू जेवला नाहीस, हाताचा वास येतो म्हणालास, आणि सकाळी उठून आधी गोठ्यात. ते पिल्लू म्हणजे ही चांदी. आता म्हातारी झाली, यंदाचं तिचं बहुतेक शेवटचं विणं. गेल्या वर्षी जुळी होती, यंदा पोट त्याहून मोठं दिसतंय.

१३ जणी राहिल्या आहेत, महाशिवरात्रीपर्यंत सगळ्या मोकळ्या होतील. तुझी रजा शिल्लक असते, दिवाळीला तूच म्हणाला होतास, वाया जाते म्हणून. पंधरा दिवस काढ. लॅपटॉप आणायचा तर आण, शेगडीजवळ चार्जिंगची सोय आहे, रेंज मात्र विहिरीजवळच येते.

अण्णांचे आशीर्वाद. सूनबाईला सांग, यायचं असेल तर पायात बूट घालून यावं, सँडल नको.

तुझी
आई

ता. क. डोक्याला बांधायची बॅटरी मिळाली तर घेऊन ये, इथे जी मिळते ती आठ दिवसांत जाते. टिंक्चर आयोडीनच्या दोन बाटल्या, नाळेला लावायला. आणि तुझा हात अजून तसाच बारीक असेल, दिवसभर कीबोर्डवर असतो तो. येताना नखं कापून ये.