शिफारसपत्र मुलांना वाचू द्या

अमेरिकेत एमएससाठी अर्ज भरताना माझ्या मुलीला विचारलं गेलं, शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता का? सगळे सांगतात म्हणून तिनेही 'हो' केलं. तिथल्या १९७४च्या, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबाबतच्या 'फेर्पा' कायद्याने दिलेला हा हक्कही प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतो. ज्याला नकार आला, त्याला पत्र दिसतच नाही.

गुप्तता असली की शिक्षक मोकळेपणाने लिहितात, असं म्हणतात. आमचा अनुभव निराळा. एका सरांनी 'मसुदा तूच आण, मी सही करतो' म्हटलं. दुसऱ्यांनी स्वतः लिहिलं, पण काय लिहिलं हे विचारायची तिला हिंमत झाली नाही. त्यात प्रकल्पाचं नाव चुकलं असेल किंवा दुसऱ्याच मुलीचं वर्णन हिच्या नावावर पडलं असेल, तर दुरुस्त कोण करणार? चार वर्षांची मेहनत, शिवाय डोक्यावर शैक्षणिक कर्ज!

आपल्याकडे तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच तसा निकाल दिला. तेव्हाही परीक्षक मोकळेपणाने तपासणार नाहीत अशी भीती घातली जात होतीच. शिक्षकांनी पत्र पाठवण्याआधी एकदा मुलांना दाखवावं. शिफारस करायची नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे मुलं वेळेत दुसऱ्या सरांकडे जातील.

– एक पालक, नेरुळ, नवी मुंबई