सूचना : पोखऱ्याचा डबा

रविवारी दुपारी 4 वाजता रामबागेत, नेहमीच्या जागी, अनारसे तळायला जमायचं आहे. आपल्या एका सभासद ताईंची लेक नेपाळात पोखऱ्याजवळच्या शाळेत स्वयंसेविका म्हणून शिकवते. मागच्या डब्यातले अनारसे तिनं मुलांना वाटले, तर पोरं म्हणाली, ‘ही तुमची सेलरोटी का?’ प्रश्न रास्तच! दोन्ही भिजवलेल्या तांदळाचे. आपण खसखशीवर थापतो, नेपाळी लोक सेलरोटीसाठी पिठाचं कडं तेलात सोडतात. यंदा तिहारला (नेपाळातली दिवाळी) तिला दोन्ही शेजारी मांडायचे आहेत.

पीठ घरूनच आणा. तांदूळ 3 दिवस भिजवलेले, पाणी रोज बदललेलं हवं (इंदूरच्या उन्हात आंबायला वेळ लागत नाही). साखर नको, गूळच. हसलेले (तेलात फुटून पसरलेले) अनारसे डब्यात भरू नयेत; ते तळणारीनंच तिथं संपवायचे.