अजगरांच्या पैदासीत वंशनोंद हवी

महोदय,

बंदिवासातील सापांच्या पैदासीत नव्या रंग-नक्षीच्या हौसेपायी जाती बेधडक मिसळल्या जातात, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. भारतीय आणि बर्मी अजगर २००९ पासून दोन स्वतंत्र जाती मानल्या जातात. भारतीय अजगराच्या वरच्या ओठावरचा खवला डोळ्याला टेकतो, तर बर्मी अजगरात त्या दोहोंमध्ये बारीक खवल्यांची ओळ असते. मात्र यांची संकरित पिल्ले प्रजननक्षम असतात, आणि पुढच्या काही पिढ्यांत पुन्हा बर्मी अजगराशीच जोडी जमवली, की रूपावरून मिश्रण ओळखणे फार कठीण होते. अमेरिकेतील फ्लोरिडात रानात पसरलेल्या सुमारे ४०० अजगरांची जनुकीय तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा बर्मी समजल्या गेलेल्या किमान १३ सापांत भारतीय अजगराचा अंश आढळला.

संकर करणाऱ्या प्रत्येकाला मी दोषी धरत नाही. संकरित पिल्लू ‘शुद्ध’ म्हणून विकणे मात्र मला फसवणूकच वाटते, कारण ती चूक पुढच्या प्रत्येक वेतात वाढत जाते. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने आपल्याकडे घरी पाळता येत नाही. परंतु बेकायदा व्यापारातून जप्त झालेला, मूळ ठाऊक नसलेला अजगर जनुकीय तपासणीविना सह्याद्रीत सोडला जाऊ नये, आणि प्राणिसंग्रहालयांनी प्रत्येक अजगराच्या आई-बापांची नोंद ठेवावी, ही वन विभागाला कळकळीची विनंती.

— एक सर्पप्रेमी वाचक, सातारा