धामणीवर छत्री धरायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

आमच्या दोडक्याच्या मांडवावरच्या जाळीत अडकलेली धामण सोडवून तुम्ही निघालात तेव्हा सगळे इतके गडबडले होते की कुणी धड आभार मानले नाहीत. पाणीसुद्धा विचारायचं राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. कारण त्या दुपारी तुम्ही जे दाखवलंत ते मुंबईत कंपाउंडच्या कडेला दोडकी-पडवळ चढवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

तुमच्याआधी साप पकडणाऱ्या दोघांना फोन झाले होते. एकाने पत्ता विचारायच्या आधी पैशांचा आकडा सांगितला. दुसरा म्हणाला, "व्हिडिओ पाठवा, मग बघू." तिसरा उपाय मांडवाखालीच काठी घेऊन उभा होता.

तुम्ही आल्या आल्या कात्री काढली नाहीत. परतीच्या पावसासाठी पिशवीत ठेवलेली छत्री काढलीत आणि ती थेट काठीवाल्या वॉचमनकाकांच्या हातात दिलीत. "काका, तिच्यावर सावली धरा." छत्री उघडायला काठी खाली ठेवावीच लागली. ताई, खरे आभार आहेत ते या एका गोष्टीचे. सापाला स्वतःच्या अंगाची उष्णता आतून आवरता येत नाही. तापला की सावलीत सरकायचं, एवढंच त्याच्या हातात. पाऊस 8 ऑक्टोबरच्या आसपास मुंबईतून काढता पाय घेतो आणि लगेच ऊन कडकडीत तापतं. त्या उन्हात अडकलेली धामण जखमेआधी उन्हानेच मरू शकते.

सुटकेची कृती मुद्दाम लिहीत नाही. वाचून कुणी स्वतः हात घालायला नको. धामण बिनविषारी, पण घाबरली की कडकडून चावते. शिवाय लांबून तिला नाग समजणारे जेवढे, तेवढेच नागाला धामण समजणारेही निघतात. अशा वेळी वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावावा, लांब उभं राहावं आणि सावली करता आली तर करावी.

दोष जाळीचा होता. पाखरं आणि खारी येऊ नयेत म्हणून वेलांवर टाकतात ती तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या धाग्याची, इंचभर भोकांची जाळी. धामणीचं डोकं त्यातून सहज जातं, अंगाचा जाड भाग अडकतो. खवल्यांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात, त्यामुळे मागे सरकताना धागा खवल्याखाली शिरतो. ती जितकी ओढते तितका तो रुततो. ढिली, जमिनीवर लोळणारी जाळी सगळ्यात वाईट. खालची कड जमिनीपासून निदान वीतभर वर घ्या आणि जाळी ताणून बांधा. त्याहून बरी मच्छरदाणीसारखी बारीक विणीची जाळी, तिच्यात डोकंच शिरत नाही. वेल उपटल्यावर जुनी जाळी झाडाझुडपांत टाकून देऊ नये. तुम्ही कापलेला तुकडा न् तुकडा मातीतून वेचून नेलात, तो का, हे आता कळतंय.

खरं तर अख्खा मांडव झाकायची गरजच नसते. कारल्या-दोडक्यांचा शत्रू बुलबुल नव्हे, फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, फळ वाकडं होतं, पिवळं पडतं, आत अळ्या. फळ बोटाएवढं असतानाच त्यावर कागदी पिशवी चढवा. किडकं फळ वेलाखाली पडू देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर अळ्या मातीत कोष करून पुढची पिढी काढतात. टोमॅटोला बुलबुल टोचतात ते रंग आल्यावर. गुलाबी झाक दिसली की तोडा, घरात पिकतात. लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर चार पानं जाऊ द्या. ती नीलवंताची निघाली, तर 2015 पासून तो महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. पाहुण्याचा मान ठेवायला हवा!

आणि धामण भाजी खायला येत नाही, उंदरांमागे येते. उंदीर कशामागे येतात? कंपोस्टच्या डब्यात टाकलेल्या शिळ्या भात-पोळीमागे. शिजवलेलं अन्न बंद केलं आणि डब्यावर झाकण बसवलं, तर अर्धं काम झालं. उंदरांचं विष ठेवून जाणारे मात्र हिशेब अर्धाच सांगतात. तो उंदीर धामणीच्या, नाहीतर गव्हाणी घुबडाच्या पोटात गेला की विषही सोबत जातं. मग वर्षभर फुकट राबणारा कामगार तुम्हीच मारलात.

तुम्ही कुणाला अडाणी म्हटलं नाहीत, कायद्याचा धाक घातला नाहीत, काकांना लाजवलं नाहीत. माणुसकी म्हणतो ती बहुतेक अशीच असते, कमी बोलणारी. काका आता पोरांना नाग आणि धामणीतला फरक सांगतात. थोडा मीठमसाला लावून, पण सांगतात.

छत्री तुम्ही विसरलात. ती त्यांच्याच केबिनमध्ये खिळ्याला टांगली आहे. एक काडी वाकली होती, ती दुरुस्त करून घेतलीय. या बाजूला आलात की न्या, आणि या खेपेला चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.

तुमचे,
दोडक्याच्या मांडवाखालचे सगळे