आजींना क्लीनर केल्याबद्दल, काका, तुमचे आभार

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरची पाच माणसं तुम्ही आमचे ड्रायव्हर म्हणून पुण्याहून कोकणात नेलीत आणि हसतखेळत परत आणलीत. गेटपाशी बॅगा उतरवता उतरवता मी आभार मानले होते, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गाडी ठरवताना लोक किलोमीटरचा दर विचारतात, एसी विचारतात, वर कॅरिअर आहे का तेही विचारतात. गाडी चालवणारा माणूस कसा आहे, हे कोणी विचारत नाही. आमच्या सहलीत जे जे चांगलं झालं त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्यामुळे झालं, हे चारचौघांना कळावं असं मला मनापासून वाटतं. फोनवर मोठं काही आलं की धाकटी लेक वाचून दाखवते, असं तुम्ही म्हणाला होतात. हेही तिच्याचकडून वाचून घ्या.

पहिले आभार सासूबाईंसाठी. त्यांना गाडी लागते, हे तुम्हाला पौड मागे पडायच्या आतच कळलं होतं. हेदवीजवळ त्यांचं आजोळ. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेलेल्या. पण मधे घाट आहे म्हणून कित्येक वर्षं त्यांनी कोकणाचं नाव टाकलं होतं. कोणाचं लग्न असो, वास्तुशांत असो, आहेर आमच्याबरोबर पाठवायचा आणि आपण घरी थांबायचं. या वेळीही त्या निघाल्या त्या नातवंडांच्या हट्टामुळे, आणि मांडीवर ती पिशवी घेऊनच: लिंबू, आवळासुपारी, आलेपाक, डोक्याला बांधायचा रुमाल.

मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशी तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. ताम्हिणीची वळणं सुरू व्हायच्या आधी. त्यांना मधल्या सीटवरून उठवून पुढे बसवलंत, एसी बंद केलात, काच खाली केलीत. आणि म्हणालात, "आजी, आज माझ्याकडे क्लीनर नाही. तुम्हीच व्हा. पुढचं वळण डावं का उजवं ते मला आधी सांगायचं. समोरून काय येतंय तेही सांगायचं. खाली बघायचं नाही, पिशवीकडे तर नाहीच नाही."

आम्हाला वाटलं, त्यांना हे आवडायचं नाही. पहिली दोन-चार वळणं त्या पुटपुटल्या. मग आवाज चढत गेला. "डावं. परत डावं. आता उजवं आहे, मोठं आहे हो! लाल गाडी येतेय, एसटी, थांबा जरा." आणि तुम्ही प्रत्येक वेळी "बरं आजी" म्हणून खरोखरच वेग कमी करत होतात. मागे मुलं खिदळत होती, पण त्यांना हसायलाही सवड नव्हती. निजामपूरला चहाला उतरलो तेव्हा लिंबू जसंच्या तसं पिशवीत होतं. चहा घेताना तुम्ही मला सांगितलंत, "ताई, ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली बघितलीय? त्याला वळण आधी माहीत असतं ना." घरी आल्यावर मी यावर थोडं वाचलं. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे मात्र गाडीच्या आतल्या, न हलणाऱ्या गोष्टींकडे बघत असतात. या दोघांचं जमलं नाही की मळमळ सुरू होते. नजर लांब रस्त्यावर असली आणि पुढचं वळण आधी कळलं की त्रास कमी होतो. तुम्ही हे सगळं त्यांना एक काम देऊन साधलंत. "तुम्हाला त्रास होतो ना, मग पुढे बसा" असं कोणी म्हटलं असतं तर त्या हलल्या नसत्या. त्यांना आधार दिल्याचं दाखवलं नाहीत, उलट त्यांच्याकडून मदत मागितलीत. हे मला फार भावलं.

दुसरे आभार पाऊणकीबद्दल. बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर आपण फेरीबोटीची वाट बघत होतो. ओहोटी होती, जेट्टीचा उतार बराच खालपर्यंत उघडा पडला होता. माझ्या मुलाने विचारलं की पाणी परत कधी वर येणार. तुम्ही वरती बघून बोटांवर मोजायला लागलात. "आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती भरणार." त्याला वाटलं तुम्ही मंत्र म्हणताय. मग तुम्ही त्याला समजावलंत: तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. दाभोळच्या एका म्हाताऱ्या खलाशाने तुम्हाला हे शिकवलं, आणि पाऊणकीचा पाढा तुमच्या आजोबांनी पाटणच्या घरी पाठ करून घेतला होता, म्हणून ते चटकन डोक्यात बसलं. आमच्या चिरंजीवांना शाळेत अपूर्णांक नकोसे असतात. वेसवीला उतरेपर्यंत त्याने दशमीपर्यंतच्या भरत्या काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातूनच ओरडला, "पाच पाऊण पावणेचार!"

आणि ते पावणेचार त्याच दिवशी कामी आले. कर्द्याच्या किनाऱ्यावर त्याला हवं होतं की आपली गाडीही इतरांसारखी वाळूवर पळवावी. तुम्ही सुरूच्या झाडांजवळ गाडी लावलीत आणि शांतपणे नाही म्हणालात. "वाळू वरून कडक दिसते, खाली काय आहे ते तिलाच ठाऊक." मुलगा हिरमुसला होता. अर्ध्या तासात एका कुटुंबाची गाडी मागच्या चाकांनिशी रुतली. बारा वाजत आले होते, पाणी चढत होतं, त्यातल्या बाई रडवेल्या झाल्या होत्या आणि चालवणारा तरुण ॲक्सिलरेटर दाबत होता.

तुम्ही चपला काढल्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत आणि गेलात. पहिलं काम म्हणजे त्याला गाडी बंद करायला लावलीत. "जेवढं दाबाल तेवढी खाली जाईल." मग चारही चाकांची हवा कमी केलीत. टायर पसरला की वाळूवर त्याचा भार वाटला जातो, हे तुम्ही माझ्या मुलाला काम करता करता सांगत होतात. चाकांपुढची वाळू ओंजळीने उपसलीत, पाठीमागच्या वाडीतून नारळाच्या झावळ्या आणवल्यात आणि चाकाखाली आडव्या सरकवल्यात. मग स्वतः स्टीअरिंगवर बसलात. दुसरा गिअर, क्लच अगदी हळू. आम्ही सगळे मागून जोर लावत होतो. सासूबाई लांबून "डावं, डावं!" ओरडत होत्या. गाडी एकदा डोलली आणि झावळ्यांवरून करकरत बाहेर आली. त्या तरुणाने खिशात हात घातला, तर तुम्ही त्याला दोनच गोष्टी सांगितल्यात: पहिल्या पंपावर हवा भरून घे, तोवर हळू जा, आणि खालून गोड्या पाण्याने गाडी धू, खारं पाणी पत्रा खातं. पैसे घेतले नाहीत. गाडीत बसण्याआधी तुमच्या ओल्या पँटने सीट भिजू नये म्हणून तुम्ही त्यावर वर्तमानपत्र पसरलंत. माझ्या मुलाने ते बघितलं आणि काही न बोलता त्याच्या सीटवरही एक पान पसरलं.

हेदवीच्या दिवसाबद्दल काय लिहू. तुम्हाला आठवत असेल, आम्ही वेळणेश्वराचं दर्शन घेऊन लगेच निघायच्या तयारीत होतो, आणि तुम्ही म्हणालात, घाई नको, बसा निवांत. मुलं समुद्रात खेळली, आम्ही नारळपाणी प्यायलो, नवरा प्लास्टरमधला, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत झाडाखाली चक्क झोपला. आम्हाला वाटलं तुम्हालाही थोडी विश्रांती हवी असेल. तुम्ही षष्ठीचा हिशेब करत होतात. सहा पाऊण साडेचार. बामणघळ बघायची तर भरतीच हवी. खडकातल्या त्या अरुंद फटीत लाट घुसते आणि पाणी उसळून वर येतं, ते ओहोटीला दिसत नाही. आदल्या रात्री सासूबाई जेवताना सहज बोलल्या होत्या की लहानपणी मामा त्यांना घळीजवळ फिरकू द्यायचा नाही, लांबूनच दाखवायचा. तुम्ही ते ऐकून ठेवलं होतंत.

दशभुजा गणपतीचं दर्शन झालं आणि बरोबर वेळेवर आपण खडकांवर होतो. तुम्ही त्यांचा हात धरून सुरक्षित जागी उभं केलंत. आतून आधी आवाज आला आणि मग पाण्याचा लोट उठला. सासूबाईंच्या चष्म्यावर थेंब आले. त्यांनी चष्मा पुसला नाही. "मामा असाच हात धरायचा," एवढंच म्हणाल्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना आजोळाबद्दल इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तवसाळच्या फेरीबोटीची वाट बघताना, शास्त्री नदीची खाडी ओलांडताना, पलीकडे जयगडच्या चढावर दिवेलागण झाली तरी त्या बोलतच होत्या. कोणाच्या ओटीवर झोपाळा होता, कोण पोफळीवर सरसर चढायचं, आजी कुळथाचं पिठलं कशी करायची.

कुळथावरून आठवलं. तुम्ही माळकरी. आम्ही गुहागरला मासे मागवले तेव्हा तुम्ही वेगळ्या टेबलावर जाऊन बसू लागलात, आम्हाला संकोच वाटू नये म्हणून. त्या खानावळीच्या काकूंनी तुमच्या गळ्यातली माळ बघून न विचारता पिठलं टाकलं, वर तुपाची धार सोडली. त्या संध्याकाळपासून मुलांनी ठरवून टाकलं की काकांच्या पानातलं पिठलं सुरमईपेक्षा भारी असतं. तुमच्या ताटातलं किती त्यांनी पळवलं हे मला माहीत आहे, आणि तुम्ही दर वेळी मुद्दाम जास्त वाढून घेत होतात हेही.

आता एक गोष्ट जी मला टोचली, ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका मुक्कामी आम्हाला सांगितलं गेलं की ड्रायव्हरची सोय नाही. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण ही एका ठिकाणाची गोष्ट नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "असू द्या ताई, सवय आहे. सीट मागे केली की झालं." दिवसभर वळणावळणाचा सागरी रस्ता, दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि मधली रात्र काच बोटभर उघडी ठेवून डासांत. ज्याच्या डोळ्यांवर आपल्या मुलाबाळांचा जीव अवलंबून असतो त्याच्या झोपेची चौकशी कोणीच करत नाही, हे मला चूक वाटतं, धोक्याचंही वाटतं. सासूबाई काउंटरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आमचा माणूस गाडीत झोपणार असेल तर माझीही उशी गाडीतच ठेवा." मग वरच्या मजल्यावरची एक खोली निघाली, पंखा आणि मच्छरदाणीसकट. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: खोली ठरवताना फोनवर पहिल्यांदा हेच विचारा. विचारणारे वाढले की सोयीही होतील.

बाकीचं भरभर लिहिते, नाहीतर तुमची लेक वाचून दमेल. रत्नागिरीहून संध्याकाळीच निघून आंबा घाट चढावा असं आमच्या मनात होतं, तेव्हा तुम्ही धुक्याचं कारण सांगून ठाम नाही म्हणालात, त्याबद्दल आभार. त्यामुळे मिळालेली आरे-वारेच्या चढावरची संध्याकाळ मुलांनी चित्रात काढून शाळेत दिली आहे. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात आम्ही रमलो आणि तुम्ही एकदाही घड्याळ दाखवलं नाहीत, त्याबद्दल आभार. पेट्रोल, टोल, फेरीबोटीच्या पावत्या तारखेप्रमाणे पिना मारून दिल्यात आणि शेवटी आमचेच जास्त गेलेले पैसे परत केलेत, त्याबद्दलही.

नवऱ्याच्या हाताचं प्लास्टर निघालं आहे. आता गाडी तो चालवू शकतो, पण घरात मतदान झालं आणि मे महिन्यात विजयदुर्ग-मालवणला तुमच्याबरोबरच जायचं ठरलं. लग्नसराईची भाडी सुरू झाली की तुम्ही मिळणार नाही, म्हणून आत्ताच विचारते. यंदा वहिनी आणि धाकटीलाही घेऊन या, आपण मोठी गाडी करू. तुमच्या खोलीचं मी दोन ठिकाणी विचारून ठेवलं आहे. एकादशीला तुम्हाला घरी राहायचं असतं, तर कॅलेंडरवर वैशाखातल्या एकादशांना खुणा केल्या आहेत. त्या सोडून कुठलाही दिवस कळवा.

आपली,
ताई